दात कोरून

९ जानेवारी

प्रिय ठकी,

आशीर्वाद. ते द्यावेच लागतात, म्हणून आधी देऊन मोकळा होतो.

ताईचं पत्र आलं. तुला नोकरी लागल्याचं तिने वरच लिहिलंय, पण कुठे लागली ते पार खाली, सहीला चिकटवून. दातांच्या प्रयोगशाळेत. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दातांच्याच.

दात कोरून पोट भरत नाही, अशी आपल्यात म्हण आहे. ती चिक्कू माणसांसाठी आहे. कुणी तिचा शब्दशः प्रयोग करून बघेल, असं म्हण करणाऱ्याच्याही मनात आलं नसेल.

तुला मूर्तिकला शिकू द्यावी म्हणून भाऊजींपुढे मी दाताच्या कण्या केल्या. ते म्हणाले, "दगड फोडायला शाळा कशाला लागते?" मी म्हणालो, "फोडायला नाही लागत, योग्य ठिकाणी थांबायला लागते." तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. एवढं करून तू आता लोकांच्या कवळ्या करणार?

माझं उदाहरण तुझ्यासमोर आहे. दिवसा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातली तक्रारखिडकी, संध्याकाळी नाटकाची तालीम. खिडकीत बसून संवाद पाठ केले आणि रंगमंचावर उभा राहून गळक्या नळांचा विचार केला. दोन दगडांवर पाय ठेवला. कार्यालयात मला नटवा म्हणत, नाटकवाले कारकून म्हणत. निवृत्त झालो तरी खलनायकाच्या पुढे सरकलो नाही. अर्ध्या वेळात अर्धाच नट होतो.

म्हणून मी माझ्या ओळखीच्या एका शिल्पकारांशी बोललो. म्हातारा कडक आहे, पण हात सोन्याचा. एप्रिलपासून तुला कार्यशाळेत घेतो म्हणाले. पूर्ण दिवस, पूर्ण वर्ष. जेवण तिथेच, झोपायला माळा. मार्चअखेरपर्यंत होय की नाही ते कळवायचं आहे. होय कळव.

माझं म्हणशील तर यंदा चमत्कार झाला आहे. नव्या नाटकात मला न्यायाधीशाचं काम मिळालं. शेवटच्या अंकात तो एकटाच बोलतो, बाकी सगळे ऐकतात. दिग्दर्शक नवा आहे, मला ओळखत नाही, म्हणूनच दिलं असेल.

तुझा,
मामा


२१ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. मी तो कुणी न सांगता करते.

तू न्यायाधीश होणार हे वाचून मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. शेजारीण दार वाजवून विचारून गेली, काय झालं.

आता दातांचं. तुझ्या डोक्यात प्रयोगशाळा म्हणजे काय आहे ते मला ठाऊक आहे: पांढरा डगला, काचेची नळी आणि कंटाळा. तसं नाही. लांब खोली, उत्तरेकडे खिडक्या, चार टेबलं. भिंतीवर फळ्या आणि फळ्यांवर तोंडं. डॉक्टर माणसाच्या जबड्याचा ठसा घेऊन पाठवतात, आम्ही त्यात प्लास्टर ओतून साचा करतो. साच्यावर नाव नसतं, आकडा असतो. आठ दिवसांत मला आकडे पाठ नाही झाले, तोंडं झाली.

शाळेत मी जितकी डोकी केली, त्या सगळ्यांची तोंडं मिटलेली होती. तू कधी पाहिलंस का हे? मीही नव्हतं पाहिलं. आमचे सर म्हणायचे, उघडं तोंड दगडात नुसतं भोक दिसतं. म्हणून सगळे ओठ मिटवून टाकायचे आणि त्याला गांभीर्य म्हणायचे. इथे आल्यावर कळलं की मला माणसाचं तोंड येतच नव्हतं. आता येऊ लागलंय.

प्रयोगशाळा ज्यांची, त्या बाई कमी बोलतात. बोलतात तेव्हाही तोंडात मेणाची कांडी असते, त्यामुळे निम्मं कळत नाही. पण एक वाक्य त्या कांडी काढून बोलतात: "मेणात असेपर्यंत काय हवं ते कर. रोग्याने मेणातले दात तोंडात घालून 'बरं आहे' म्हटलं, की मग बोट लावायचं नाही." त्यानंतर मेणाच्या जागी पक्का गुलाबी मसाला येतो आणि कवळी तयार होते.

शिल्पकारांच्या कार्यशाळेत मी जाऊन आले होते, तुला सांगितलं नव्हतं. तिथली मुलं वर्षभर त्यांच्या मूर्तींच्या पाठी घासतात. पाठी छान घासतात. एकाला विचारलं, "तुझं स्वतःचं काय चाललंय?" तो म्हणाला, "झोप." मला माझा दगड हवा आहे मामा, माझ्या पगारातून आणलेला. लहान असला तरी पुढची बाजू माझी असलेला.

दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतोस. पण ओढा ओलांडताना माणूस दुसरं काय करतो?

आणि फोन का उचलत नाहीस? चारदा केला.

तुझी,
ठकी


४ फेब्रुवारी

प्रिय ठकी,

ओढा ओलांडणारा दगडांवर थांबत नाही. तू तिथे बिऱ्हाड करायला निघाली आहेस. हा फरक आहे.

फोनचं यंत्र बिघडलंय. माझं बोलणं पलीकडे नीट जात नाही. 'साखर' म्हटलं तर 'फाखर' ऐकू येतं. वाण्याने परवा मला वेड्यात काढलं. म्हणून पत्रं. पत्रात तरी अक्षर जागेवर राहतं.

न्यायाधीशाचं काम सोडलं. नाटकात दम नाही. दिग्दर्शकाला आजारी आहे म्हणून कळवलं. तो म्हणतो महिनाभर थांबतो, तोवर पडद्याआडून संवाद सांगणारा वाचेल. थांबू दे बापडा.

मार्चअखेर लक्षात ठेव. म्हातारा दुसऱ्यांदा विचारत नाही.

मामा


२३ फेब्रुवारी

प्रिय आई,

हे पत्र मामाला दाखवू नकोस, वाचूनही दाखवू नकोस. त्याने विचारलं तर 'बरी आहे' एवढंच सांग.

मामाचे दात गेले आहेत. सगळे. तुला माहीत आहे का? मला वाटतं नाही. त्याने मला लिहिलं की फोन बिघडलाय आणि नाटकात दम नाही.

आज बाहेरगावच्या एका डॉक्टरांकडून दोन साचे आले. एक दात काढण्याआधीचा, एक नंतरचा. नेहमीसारखा आकडा, नाव नाही. आधीचा साचा हातात घेऊन मी अंगठा फिरवत होते, आम्ही सगळेच तसं करतो, आणि अंगठा अडला. वरचा डावा सुळा. पुढच्या दाताच्या खांद्यावर चढून बसलेला. मी डोळे मिटून पुन्हा फिरवला. आई, तो मामाचा दात आहे. लहानपणी मी मातीचं त्याचं डोकं केलं होतं, आठवतं? तू म्हणाली होतीस, "कार्टीने नाक विसरलं, पण सुळा नाही विसरला." गावाचं नावही त्याचंच आहे. शंका नको.

डॉक्टरांनी लिहिलंय: सगळे दात सरळ, एका रेषेत. ते सगळ्यांनाच तसं लिहितात, छापल्यासारखं. मी तशी मेणात मांडणी करून पाठवते आहे. पण मामाच्या तोंडात दुकानातल्यासारखे दात? तो हसला की आधी तो सुळा हसायचा, मग मामा.

मेणातली तपासणी होऊन येऊ दे. पक्कं करताना मी त्याचा सुळा त्याला परत देणार आहे. गुपचूप. बाईंनाही सांगणार नाही. हे नोकरीतलं काम नाही, माझं काम आहे.

ठकी


१ मार्च

ठकीस आशीर्वाद,

त्याचे दात गेल्याचं मला माहीत नव्हतं. परवा आला होता, जेवायला थांब म्हटलं तर पोट बिघडलंय म्हणाला. आता कळलं काय बिघडलंय.

डॉक्टरांनी लिहिलंय तेवढं कर. जास्तीचं करायचंच असेल तर त्याला विचारून कर. तुझा मामा आणि तू, दोघंही न विचारता दुसऱ्याचं भलं करता, आणि मग निस्तरायला मी.

तुझे वडील तुझ्या नोकरीवर खूश आहेत. ते खूश असले की मला भीती वाटते. तू मात्र जेवत जा.

आई


१७ मार्च

ठकी,

'प्रिय'चं नंतर बघू.

कवळी आली. डॉक्टरांनी बसवली, आरसा हातात दिला. मी तोंड उघडलं. वरचा डावा सुळा, शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून, जसा काही कधी कुठे गेलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, "अहो, मेणात तर सरळ होता!" मी विचारलं, "ही प्रयोगशाळा कुठली?" त्यांनी गाव सांगितलं. पुढचं मी त्यांना सांगितलं.

दात गेल्याचं मला कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तुला तर नाहीच. दातांवरून तुला इतकं बोलून बसलो होतो. फोन ठणठणीत आहे.

आता त्या सुळ्याची गोष्ट ऐक, म्हणजे तू काय केलंस ते कळेल. माझ्या पहिल्याच नाटकात मला नायकाच्या भावाचं काम होतं. सज्जन भाऊ. तालमीत मी हसलो. दिग्दर्शक म्हणाला, "थांब. पुन्हा हस." मी पुन्हा हसलो. त्याने माझ्या हातात सुरा दिला. तो सुरा त्यानंतर कुणी काढून घेतला नाही. नाटकं बदलली, दिग्दर्शक बदलले, सुरा तोच. लोक रस्त्यात म्हणायचे, काय बेमालूम दुष्ट दिसता हो! मी हसायचो, आणि त्यांचं म्हणणं आणखी पटायचं.

या वेळी न्यायाधीश मिळाला, कारण नव्या दिग्दर्शकासमोर मी तोंड आवळूनच वावरलो. मग दात हलू लागले, काढावे लागले. वाईट वाटलं, पण पहिला विचार काय आला सांगू? आता सरळ घालू आणि निर्धास्त हसू. डॉक्टरांना मी स्वतः सांगितलं होतं: सगळे सरळ, एका रेषेत. ते छापल्यासारखं त्यांचं वाक्य नव्हतं. ते माझं वाक्य होतं.

नवी कवळी घालून तालमीला गेलो. परत आलो म्हणून सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला, मी हसलो. दिग्दर्शक बघत राहिला. म्हणाला, "काका, दुसऱ्या अंकात एक वाटमाऱ्या आहे."

बोल आता.

तक्रार करायची सोयही तू ठेवली नाहीस. मीच तुला सांगत होतो की नोकरीपेक्षा कला वर ठेव. तू ठेवलीस. ती मला चावली.

आणि एक सांगतो, तेही लिहायला नको होतं. आरशात पाहिलं तेव्हा रागाच्या आधी क्षणभर दुसरंच काहीतरी झालं. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं.

मामा


२२ मार्च

प्रिय मामा,

तुझं पत्र मी बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, कांडी तोंडातून काढली आणि म्हणाल्या, "मेणात केलं असतंस तर तो तुझा विचार होता. पक्क्यात केलंस, ती चोरी आहे." मग कांडी पुन्हा तोंडात. पुढचा आठवडा मी नुसते साचे ओतणार. कोरणीला हात लावायचा नाही. आईनेही लिहिलं होतं, विचारून कर. मी विचारलं नाही, कारण मला उत्तर माहीत होतं. तेच चुकलं. मी दात नाही कोरला मामा, माझी आठवण कोरली आणि तुझ्या तोंडात बसवली.

आता जे मी कुणालाच सांगितलेलं नाही ते सांगते. तो सुळा बसवला त्या संध्याकाळी मी इतकी खूश होते की नोकरी सोडायची ठरवलं. वाटलं, माझे हात हे करू शकतात, तर मी इथे काय करते आहे? शिल्पकारांना होकाराचं पत्र लिहून ठेवलं. पाकिटावर पत्ताही घातला. मुदत मार्चअखेरची, म्हणून ते ठेवून दिलं होतं; टाकायला निघाले, तर तुझं पत्र आलं.

ते वाचल्यावर होकार फाडला. घाबरून नाही. मला दिसलं की मला काय येत नाही. शाळेत माझ्या दगडाला कधी कुणी परत पाठवलं नाही. 'वा' म्हणाले किंवा गप्प बसले. इथे माणूस परत पाठवतो. म्हणतो, टोचतं, बोलता येत नाही, हा मी नाही. असं म्हणणारं कुणीतरी मला रोज समोर हवं आहे, नाहीतर मी जन्मभर लोकांच्या तोंडात माझ्या आठवणी बसवत राहीन.

पण दगडही हवा. तो मी सोडणार नाही. त्यामुळे परवा रजा काढून मी शिल्पकारांकडे गेले, आणि समोर उभी राहून सांगितलं, "आठवड्यातले तीन दिवस येईन. बाकीचे दिवस नोकरी."

ते म्हणाले, "अर्धा माणूस मला नको."

मी म्हटलं, "माणूस पूर्ण आहे. दिवस अर्धे आहेत."

"दगडाला दिवस कळतात, माणूस कळत नाही. तुझ्या मामाने तुझ्याबद्दल बरंच सांगितलं होतं. दात करतेस हे सांगितलं नव्हतं."

"त्याला लाज वाटते."

"तुला?"

"नाही."

त्यांनी दाराकडे पाहिलं. मी निघाले. कुणी मागून हाक मारली नाही. तशी वाट मी पाहिली, फाटकापर्यंत. मग नाही.

तेव्हा तिथलं संपलं. तू दिलेला शब्द मी मोडला, त्याबद्दल माफ कर. पण एक विचारायचं आहे. जानेवारीत तू लिहिलंस की अर्धा वेळ दिलास म्हणून खलनायकाच्या पुढे गेला नाहीस. मार्चमध्ये लिहितोस की सुळ्यामुळे. मला एका दगडावर ढकलत होतास ते यातल्या कुठल्या कारणासाठी? एकदा काय ते ठरव.

कवळी परत पाठव, बाईंच्या नियमाप्रमाणे ती मोडायची आहे. आणि तू स्वतः ये. नव्याने मेणात मांडू. न्यायाधीशाचे संवाद बरोबर आण. आधी तू बोलायचंस, मग मी कोरायचं.

तुझी,
ठकी


१० एप्रिल

प्रिय ठकी,

'प्रिय' परत आलं आहे, नोंद घे.

पोचलो. गाडीत शेजारच्या बाईने विचारलं, "कुठे गेला होता?" म्हटलं, "भाचीकडे. तोंड दाखवायला." तिला वाटलं, भांडण होतं.

त्या खुर्चीत बसून मी निकालपत्र वाचत होतो आणि तू माझ्याकडे बघत नव्हतीस. मी जन्मभर प्रेक्षकांसमोर उभा राहिलो, पण माझ्या 'श'कडे इतकं रोखून कुणी पाहिलेलं नाही. "पुन्हा म्हण. शिक्षा." शिक्षा. "शेवट." शेवट. "साक्षीदार." मग मेण बाहेर, कोरणीने इवलंसं खरवडायचं, पुन्हा तोंडात. एकदा तू म्हणालीस, "न्यायाधीश इतका ओरडतो कशाला?" मी म्हटलं, "शेवटच्या बाकापर्यंत जायला हवं." तू म्हणालीस, "दात नीट बसले तर हळू बोललास तरी जाईल." तुझ्या बाई कोपऱ्यातून काहीतरी म्हणाल्या, कांडीमुळे कळलं नाही. हसल्या बहुतेक.

नवी कवळी घालून तालमीला गेलो. कुणाशी बोललो नाही, हसलोही नाही. संवाद सांगणाऱ्याच्या हातातून वही घेतली आणि शेवटचा अंक म्हटला. हळू. दिग्दर्शक मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसला. संपल्यावर तिथूनच म्हणाला, "काका, हसून दाखवा." मी हसलो. सरळ, एका रेषेत. काम माझं.

आता तुझ्या प्रश्नाचं. गाडीत तोच विचार करत होतो. अर्धा वेळ हे कारण नव्हतं. सुळा हेही पूर्ण कारण नसावं. मी सुरा हातात घेतला आणि एकदाही म्हटलं नाही की हा मला नको. तक्रारखिडकीत बसून सगळ्या गावाच्या तक्रारी लिहून घेतल्या, स्वतःची एक केली नाही. तू शिल्पकारांसमोर उभी राहून जे बोललीस ते मी कुठल्याच दिग्दर्शकाला बोललो नाही. दोन दगडांचा त्यात काही दोष नव्हता.

पण म्हातारा चुकला असंही मी म्हणणार नाही. सगळे दिवस देणाऱ्याच्या हातून जे होतं ते वेगळं असतं. ते कदाचित तुझ्या हातून होणार नाही. हे माहीत असून करते आहेस ना? असशील तर पुढे बोलणार नाही.

प्रयोगशाळेच्या मागच्या अंगणातला, दगडकामाचा तुझा कोपरा पाहिला. प्लास्टरच्या गोण्या हलवून बाईंनी जागा दिली, पत्रा मात्र गळका आहे. पाणीपुरवठ्यातला माणूस आहे मी, मला दिसतं. वरून डांबर लाव.

मामा

ता. क. पहिली कवळी पाठवायची राहिली. विसरलो.


२ मे

प्रिय मामा,

तुझ्या प्रयोगाला मी शेवटच्या बाकावर होते. तुला सांगितलं नव्हतं. निकाल देताना तू 'शिक्षा' म्हणालास, इतक्या हळू की माझ्या पुढचा माणूस खोकणार होता तो थांबला. मग तू आरोपीकडे बघून हसलास, आणि कुणाला भीती वाटली नाही. मी तुझे दात बघायला आले होते. पहिल्या पाच मिनिटांनंतर विसरले.

नाटक संपल्यावर भेटले नाही, शेवटची गाडी होती. सकाळी कामावर जायचं होतं.

माहीत असून करते आहे. तुझ्या प्रश्नाचं एवढंच उत्तर आहे, आणि ते मी तीन आठवडे उशिरा देते आहे कारण मध्ये एक दगड गेला. पाडलेल्या इमारतीची एक पायरी आणली होती, बाईंच्या भावाने हातगाडीवरून आणून दिली. बुधवारी संध्याकाळी आणि शनिवार-रविवार काम करते. तोंड उघडं ठेवलं. ओठ आले, वरची रांग आली, आणि सुळ्यापाशी आल्यावर दगड खालून तडकला. हनुवटी पायावर पडली. जोडे होते म्हणून बोटं वाचली. शिल्पकारांकडे असते तर त्यांनी आधीच सांगितलं असतं की त्या दगडात शीर आहे. मला ते तडकल्यावर कळलं. असं होत राहणार.

पायरीचा दुसरा तुकडा आहे. तो मी सगळीकडून ठोकून ऐकला. काल सुरू केला. तूच आहेस, हसताना. या वेळी आधी विचारते आहे: चालेल का?

चालणार असेल तर सुळा तुझा हवा, वाकडा, शेजाऱ्याच्या खांद्यावर. तोंडात सरळ हवा होता, तो सरळ दिला. दगडात मला वाकडा हवा आहे. आठवणीतून करणार नाही, तो धडा झाला. जुना साचा डॉक्टरांकडे परत गेला, म्हणून पहिली कवळी पाठव. तू विसरलेला नाहीस, मला ठाऊक आहे. बाईंना मी सांगितलंय की ती मोडली. तेवढं एक खोटं बोलले.

पत्र्याला डांबर लावलं. तरी एका जागी गळतो.

तुझी,
ठकी


७ मे

प्रिय ठकी,

चालेल. विचारलंस म्हणून चालेल.

कवळी मात्र पाठवता येणार नाही. ती कामात आहे. दिग्दर्शकाने पुढचं नाटक घेतलंय, त्यात एक सावकार आहे, पक्का बदमाश. त्यासाठी तो नवीन माणूस शोधत होता. मी म्हटलं, जरा थांबा, आत गेलो, कवळी बदलली आणि बाहेर येऊन हसलो. नायिकेने किंचाळून हातातला कप टाकला. मी त्याला सांगितलं, "सावकार करीन. पण न्यायाधीशाचे प्रयोगही माझेच. दोन्ही करीन, नाहीतर दोन्ही नाही." असं मी पहिल्यांदाच बोललो. तुझ्याकडून उचललं. तो 'बरं' म्हणाला. इतकं सोपं होतं, ठकी. मला वाटायचं दार बंद आहे, आणि मी कधी ढकलून पाहिलंच नव्हतं.

तेव्हा आता दोन पेले आहेत उशाशी. एकात न्यायाधीश, एकात सावकार. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, तसं. परवा घाईत चुकीची घालून बाजारात गेलो, तर वाण्याने न मागता उरलेली चिल्लर परत दिली. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "दोन दगडांवर पाय नको म्हणणारा माणूस दोन कवळ्यांवर तोंड ठेवून बसलाय." भाऊजी इतके हसले की त्यांचाच एक दात हलला. तुझ्याकडे पाठवू म्हणतात.

शनिवारी सावकाराची तालीम आहे. रविवारी पहिल्या गाडीने येतो. वाकडी घालून. कवळी कशाला पाठवू, तोंडासकट आणतो. तुझ्या त्या गळक्या पत्र्याखाली बसेन आणि हसेन. दगड पुन्हा तडकला तर पुन्हा येईन.

डांबराचा डबा मी आणतो. तुझा हात कोरण्यात चांगला आहे, भेगा बुजवण्यात नाही.

सोमवारी तुला कामावर जायचंय, मला न्यायालयात. त्यामुळे वेळेवर सुरू कर.

मामा